औषधाच्या फ्रीजमधलं दही

अहो,

तुमच्या इंजेक्शनांचा तो छोटा फ्रीज गेल्या आठवड्यात बंद पडला. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? घरात ऐकणारं आहे कोण?

तुम्ही गेलात तरी मी तो चालूच ठेवला होता. आत काही नाही, नुसता घूं घूं करायचा. आपला पोरगा सुट्टीला घरी आला की म्हणायचा, "आई, लाइट कशाला जाळते?" त्याला काय सांगू, दुपारचा घरात तेवढाच आवाज असतो! तो थांबला आणि मला घर खायला उठलं.

रविवारी पोरगा आला, तर तो भंगारात द्यायला निघालेला. मी दारात आडवी झाले. तेवढ्यात नाशिकहून आपली नात पिंकी आली. इंजिनिअरिंगला आहे ना आता! तिनं मागचं झाकण उघडलं. "आजी, याला मोठ्या फ्रीजसारखा गॅस नसतो. ही बिस्किटाएवढी पट्टी बघ. वीज दिली की हिची एक बाजू गार होते, दुसरी तापते. पट्टी चांगली आहे, पंखापण. फक्त सर्किट जळलंय."

मग काय! पेचकस मी फिरवला बरं का. तुम्ही कधी हात लावू दिला होता मला पेचकसाला? सगळे स्क्रू मीच काढले, एक हरवलासुद्धा! पंख्यात लय धूळ, कापसासारखी. ती झाडली, आणि पट्टी, पंखा, सगळं एका थर्माकोलच्या डब्याला भोक पाडून बसवलं.

जळलेल्या सर्किटाऐवजी पिंकीनं एक जुना अडॅप्टर घेतला; पंखा तिनं जोडला, आणि पट्टीच्या तारा जोडायला मला बसवलं. मी लालला काळी जोडली. जोडी म्हटली की दोघं वेगवेगळी नकोत का? पंखा फिरला, आणि डब्यात हात घालते तर ऊब! गरम बाजू आत आली होती.

"आजी, उलटं केलंस गं! थांब, बदलते."

"नको बाई, राहू दे तसंच!"

आपल्या निफाडच्या थंडीत कधी दही लागलंय का? मी पातेलं शालीत गुंडाळून ठेवायचे, आणि तुम्ही पाहुण्यांसमोर विचारायचात, "हे दही आहे का ताक?" किती राग यायचा मला!

विरजण लावून वाटी त्या डब्यात ठेवली. सकाळी बघते तर सुरीनं कापावं असं दही! वाटी उलटी केली तरी हललं नाही. मी एवढी हसले, एवढी हसले, आणि तुम्हाला दाखवायला तशीच ओसरीवर गेले. तुमच्या रिकाम्या खाटेपाशी पोचल्यावर आठवलं.

पिंकी काल परत गेली.

एक सांगते, रागवू नका. तुम्ही गेल्यापासून मी ताटच घेत नाही. ओट्याशी उभी राहून पातेल्यातलंच खाते. एकटीसाठी कुठं मांडामांड करायची? पण असलं दही उभ्यानं खायचं का? आजपासून पाट टाकून, ताट वाढून, बसून जेवीन. वचन देते.

तुमचीच,
सुमन