आईला विचारलं

रविवार, ३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आई आणि मी, दोघी छान आहोत. भावोजींचा गुडघा कसा आहे ते कळव, आणि त्यांना सांग की जिने चढून दाखवायची हौस आता पुरे झाली. तुझे फोन मी घेतले नाहीत. कामात होते हे खरं, पण सगळं खरं तेवढंच नाही. फोनवर तू विचारतेस आणि मी गडबडून काहीतरी हो-हो म्हणते, म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं सांगते. माझ्या कामाचा विषय निघाला की तू पानं उलटतेस, मला माहीत आहे. या वेळी उलटू नकोस.

सातवीच्या नागरिकशास्त्राचं नवं पुस्तक करायला आमची समिती बसली आहे. चौघंच जण. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत आणि त्यांचा व्याख्यांवर भारी जीव. लोकशाही म्हणजे काय, हे पहिल्या पानावर चौकटीत नसेल तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. दुसऱ्या, सातवीलाच शिकवणाऱ्या बाई. त्यांचं म्हणणं, चौकट दिसली की मुलं तेवढीच पाठ करतात आणि बाकीचं पान देवाघरी जातं. तिसरा चित्रकार, तो बोलत नाही, कोऱ्या कागदावर मतपेट्या काढत बसतो. आणि चौथी मी, कॉलेजात इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकवून बारा वर्षांच्या मुलांसाठी एक सरळ वाक्य लिहिता न येणारी. 'सार्वभौमत्व' या शब्दावर आम्ही अख्खी दुपार घालवली. शेवटी बाई म्हणाल्या, हा शब्द फळ्यावर लिहून होईपर्यंत मागच्या बाकांवर मारामारी सुरू होते. मग तो नववीत ढकलला.

भांडण काही मिटेना, तेव्हा ठरलं की एक धडा नव्या पद्धतीने लिहायचा आणि बाईंच्या वर्गात शिकवून बघायचा. तो माझ्या गळ्यात पडला. धड्याचं नाव 'निर्णय कोण घेतं?' सुरुवात घरापासून. घरात एखादी गोष्ट ठरते कशी, मग शाळेत, मग गावात, मग देशात. शेवटी मुलांनी एका मोठ्या माणसाला वर्गात बोलावून प्रश्न विचारायचे. त्यासाठी आम्ही तिथल्या नगरसेवकांना सांगून ठेवलं होतं.

ते आले नाहीत. बैठक लांबल्याचा निरोप ऐनवेळी आला. वर्ग भरलेला, मुलांचे प्रश्न तयार, अध्यक्ष हाताची घडी घालून पहिल्या बाकावर, गुडघे पोटाशी.

आई त्या दिवशी माझ्याबरोबर होती, कारण शाळेसमोरच दातांचा दवाखाना आहे आणि धडा संपला की आम्ही तिकडे जाणार होतो. ती बाहेर व्हरांड्यात बसली होती. बाईंनी तिला दारातून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही मत देता ना, मग या की आत. मी काही बोलायच्या आत आई चष्मा पुसत खुर्चीत जाऊन बसलीसुद्धा.

मला वाटलं, ती गोंधळेल. कसली गोंधळतेय! मुलांनी विचारलं, पहिल्यांदा मत कधी दिलं? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. कोणाला दिलं? ते सांगायचं नसतं. वर्गाने बाक वाजवले. मग दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. घरात तरी सांगितलं का, असं तिने विचारलं. आईने सगळं सांगून टाकलं. निवडणुकीच्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा ठरवून टाकायचे की आपल्या घरातली मतं कोणाला जाणार, आणि ती मान डोलवायची.

"मग तुम्ही त्यांनाच मत द्यायचात?" त्या मुलीने विचारलं.

"आत गेल्यावर मी एकटीच असायचे ना," आई म्हणाली.

ताई, आपले बाबा आयुष्यभर समजत राहिले की त्यांच्या घरात एकमत आहे. वर्ग खो खो हसला. अध्यक्षही हसले, अगदी डोळे पुसेपर्यंत. मतदान गुप्त असतं, हे वाक्य मी त्या धड्यात लिहायचे आणि खोडायचे, कारण ते कोरडं ठणठणीत वाटायचं.

आता ते सांगते, ज्यासाठी फोन टाळत होते.

ती मुलगी बसलीच नाही. तिने धड्यातला पुढचा प्रश्न विचारला. प्रश्न माझाच, माझ्याच हाताने लिहिलेला: तुमच्या घरात नुकताच कोणता निर्णय झाला आणि तो कोणी घेतला?

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "मला मोठ्या मुलीकडे राहायला पाठवायचं ठरलंय. दोघी मुलींनी मिळून ठरवलंय."

"तुम्हाला विचारलं?"

"सांगितलं."

त्या मुलीने मान हलवली, जशी डॉक्टर हलवतात. मी मागच्या बाकावर निरीक्षणाचे कागद मांडीवर घेऊन बसले होते, आणि बाईंना मला सोडवायची काहीएक घाई नव्हती. शेवटी आईच धावून आली. मुली माझ्या चांगल्या आहेत, म्हणाली, पण नेहमी घाईत असतात.

दातांच्या दवाखान्यात आम्ही गेलोच नाही. शाळेबाहेरच्या थांब्यावर बसलो आणि बसगाड्या जाऊ दिल्या. तिथे मी तिला विचारलं. ताई, खरंच सांगते, त्या आधी मी विचारलं नव्हतं. तू म्हणालीस, मी म्हणाले, आपण एकमेकींना किती समजूतदार आहोत असं वाटून घेतलं, आणि ती शेजारच्या खोलीत कपडे घडी करत होती.

तिला यायचं नाही. राहायला तर नाहीच. तुझ्यावर राग नाही, तुझ्या घरावर तर मुळीच नाही. तिला इथली दुपार आवडते. मी कॉलेजात गेले की घर तिचं असतं. रेडिओ मोठ्याने लावते, कढईतलं कढईतच खाते, सोफ्यावर आडवी होते, आणि माझ्या किल्लीचा आवाज आला की सगळं जागच्या जागी. हे मला त्या थांब्यावर कळलं! मी म्हटलं, पण एकटी पडलीस तर? म्हणाली, पडले तर उचलायला शेजारीण आहे, तिच्याकडे किल्ली दिलेली आहे. तुझ्या ताईकडे मात्र सगळे दिवसभर बाहेर. यावर तुला उत्तर सुचलं तर कळव. नंतर आम्ही दोघी उगीचच हसत सुटलो, इतक्या की थांब्यावरचे लोक बघायला लागले.

तू तिच्यासाठी खोली रंगवलीस. ते तिला ठाऊक आहे आणि त्याचं तिला वाईट वाटतंय, मलाही. मी तुला लगेच सांगायला हवं होतं. रोज फोन उचलायचे आणि खाली ठेवायचे. तू काल निरोपात प्रवासाच्या तारखेचं विचारलंस तेव्हा मात्र लाज वाटली.

पुढची बातमी आनंदाची आहे, ती वाचून रुसवा थोडा कमी कर. समितीच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी स्वतःच व्याख्येची चौकट पहिल्या पानावरून उचलून धड्याच्या शेवटी नेली. बाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी स्वतःचा डबा अध्यक्षांपुढे केला. मी धड्यात एक नवा प्रश्न घातलाय: सांगणं आणि विचारणं यांत फरक काय? तुमच्या घरातलं उदाहरण द्या. चित्रकाराने मतदानाच्या पडद्यामागची बाई काढली आहे, फक्त पावलं दिसतात. आईला चित्र दाखवलं तर म्हणाली, पावलं माझी असतील तर टाचांच्या भेगा जरा कमी करायला सांग. आणि आता हा धडा आणखी काही शाळांमध्ये शिकवून बघायचाय, तिथे नगरसेवक नकोत, आजीच हव्यात असं बाईंनी परस्पर जाहीर केलं. त्यांना मी थांबवलं आणि म्हटलं, तिला विचारा. विचारलं. आईने दोन दिवस विचार केला, त्यांना अगदी ताटकळत ठेवलं, आणि मग हो म्हणाली. काल नव्या चपला घेऊन आली.

हे पत्र लिहू का, हेही मी तिला विचारलं. म्हणाली, झालेलं सगळं लिही, पण पुढचं मी माझं बोलेन. तुझ्याकडे ती येईल, पण पाहुणी म्हणून, छोटी बॅग घेऊन. कधी येणार आणि किती दिवस राहणार, ते मला माहीत नाही. या घरात आता ते माझ्याकडून कळायचं नाही. तिच्याशी बोल. रडू आलं तर खुशाल रड, तीही रडेल. फक्त लगेच हो म्हणायला लावू नकोस.

यापुढे आईच्या वतीने न बोलणारी,
तुझी
बारकी