व्हिकला चावी देण्याआधी

प्लोव्हदिव, ऑक्टोबर

प्रिय ल्युबेन,

कागदावरचं पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळे धड आहेत. आईचा गुडघा दुखतो आणि तरीही ती मिरच्या भाजायला अंगणात बसते. सांगून उपयोग नाही.

कामाचं लिहिते. आमच्या कंपनीला रुग्णवाहिका केंद्राचं सॉफ्टवेअर नव्यानं करायचं आहे. फोन घेणाऱ्या बाईनं टाइप केलेला पत्ता गाडीतल्या पडद्यावर उमटायला हवा. मधे निरोप वाहून नेणारी तयार कोडची लायब्ररी लागते. ती स्वतः लिहीत बसायचं नाही, ओपन सोर्समधली, फुकट वापरता येणारी घ्यायची असं ठरलं, आणि निवड माझ्याकडे आली. शेवटी दोन उरल्या. एक मोठ्या कंपनीची, जाडजूड, आम्हाला नको ते सगळं करणारी. दुसरी तुझी. तू माझा भाऊ आहेस हे मी कुणाला सांगितलं नाही. लग्नानंतरचं आडनाव अशा वेळी कामाला येतं.

चाचणी कालोयाननं घेतली. माझ्या हाताखाली आहे, हुशार, पण तोंडाला खळ नाही. त्यानं चालू कामात केबल उपटली, यंत्र मध्येच बंद पाडलं. तुझ्या लायब्ररीनं एकही निरोप गाळला नाही. "बाई, हा माणूस भलताच चिक्कू असणार," तो म्हणाला, "हातातून काही सांडतच नाही." मी हसले नाही. बरं मात्र वाटलं.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, हे सांभाळतं कोण? स्मोल्यानच्या वरच्या गावातला एकटा माणूस, असं उत्तर आलं. उद्या तो अंथरुणाला खिळला तर? त्यावर कालोयान खुशीत म्हणाला, काळजी नको, त्याला व्हिक नावाचा मदतनीस मिळालाय, लवकरच सगळं तोच बघणार आहे.

म्हणून मी तुझ्या लायब्ररीच्या पानावरची चर्चा पहिल्यापासून वाचली. व्हिक वसंतापासून दुरुस्त्या पाठवतोय. नीटनेटक्या, नम्र. त्याच सुमारास आणखी दोघे उगवले. ते स्वतः काही करत नाहीत, नुसते तुला टोचतात. "काका, झेपत नसेल तर सोडा की. व्हिक उभा आहे ना." या तिघांचं दुसरीकडे कुठेही काही काम नाही. नाव नाही, गाव नाही, कुणाशी जुनं भांडण नाही. फुकट काम करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. ती मध्येच कुरकुरतात, रुसतात, महिनाभर गायब होतात. व्हिक एकदाही कुरकुरलेला नाही. हे तिघे ठरवून आलेत असं मला वाटतं. मी कालोयानला हे दाखवलं, तेव्हा त्यानं स्वतः सगळी चर्चा पुन्हा वाचून काढली. ज्याच्या हातात नवी आवृत्ती सोडायची चावी, तो पुढच्या आवृत्तीत काय घालेल ते आमच्या रुग्णवाहिकांत जाणार. आणि आमच्याच नव्हे.

बैठकीत मी तुझ्या लायब्ररीविरुद्ध मत दिलं. कारण लिहून दिलं. मत बदलायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. चर्चेच्या शेवटी तू लिहिलं आहेस, "दिमित्रोव्हदेनला मी मोकळा होईन, त्या दिवशी चावी व्हिककडे." जगभरच्या लोकांनी ते नुसती या महिन्याची सव्वीस तारीख म्हणून वाचलं. आपले आजोबा त्या दिवशी दुसऱ्याच्या मेंढ्या सोपवून, चाकरी संपवून डोंगर उतरायचे, हे त्यांना कुठून माहीत असणार? मला कळलं की तू खरंच संपलायस. फोन तू उचलत नाहीस. पानावर लिहिलं असतं तर तुझ्याआधी व्हिकनं वाचलं असतं. म्हणून कागद. चावी देऊ नकोस. शनिवारी मी कालोयानला घेऊन येते. त्याला समोर बसव, प्रश्न विचार, हवं तर हाकलून दे. तुझ्या हाताखाली घ्यायच्या लायकीचा वाटला तरच घे. नाही वाटला तर लायब्ररी बंद कर आणि बंद केली असं पानावर लिही. लोक ओरडतील, दुसरी शोधतील. तुला थकायची परवानगी कुणाकडून घ्यायची नाही, त्या दोघांकडून तर नाहीच. दार उघड, एवढंच.

तुझी ताई,
स्नेझाना