जलतरण तलाव गळत नसल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
जलतरण व उद्यान विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला

विषय : जलतरण तलाव बुजवण्याचा निर्णय रद्द करणेबाबत, तसेच सदर तलाव गळत नसून त्यातील पाणी जाणूनबुजून सोडण्यात आले होते, हे निदर्शनास आणून देणेबाबत.

संदर्भ : १) तलावाच्या फाटकावर लावलेली आपली नोटीस.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, ज्यांत कनिष्ठ अभियंत्यांविषयी नाही नाही ते लिहिले गेले.

महोदय,

१. अर्जदार ही सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका असून महिलांच्या सकाळच्या तुकडीची जुनी सभासद आहे. (अर्जदार म्हणजे मीच. परंतु ‘मी’ लिहायला घेतले की खाडाखोड होते आणि कागद वाया जातो, म्हणून यापुढे ‘अर्जदार’ असेच लिहीत आहे.) अर्जदाराचा डावा पाय लहानपणापासून कामाचा नाही. जमिनीवर कुबडी लागते. लोक बाजूला होतात, दारे उघडून धरतात, कीव करतात. पाण्यात यातले काहीही होत नाही. छातीइतक्या पाण्यात अर्जदार चारचौघींसारखी चालते. तेव्हा तलाव बुजवून तेथे वाहनतळ करण्याचे जे योजले आहे, त्यात अर्जदाराचे नेमके काय बुजणार आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

२. या उन्हाळ्यात तलावाची पातळी रोज उतरू लागली. कनिष्ठ अभियंता म्हणाले, तलाव गळतो आहे. अर्जदाराचे म्हणणे पडले की ऊन आहे, वारा आहे, पाण्याची वाफ होणारच. वाद हातघाईवर येऊ लागला तेव्हा अर्जदारानेच छाती ठोकून बादलीची परीक्षा सुचवली. परीक्षा सोपी आहे. तलावाचेच पाणी बादलीत भरावे, बादली तलावाच्या पायरीवर पाण्यात ठेवावी, आत आणि बाहेर पातळीची खूण करावी आणि एक दिवस कोणी पाण्यात उतरू नये. ऊन-वारा दोन्हींना सारखाच लागतो. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर पाणी हवेत गेले. तलावाची जास्त उतरली तर तलाव गळका.

३. त्या दिवशी बादली ठेवताना पायरीवर उभे राहून ती सरळ धरण्याचे काम पंपचालक बाईंनी केले. खुणेच्या पट्ट्याही त्यांनीच चिकटवल्या. या बाई अर्जदाराच्या सख्ख्या थोरल्या भगिनी होत. तलावावर त्यांना सगळे पंपताई म्हणतात. दोघी एकाच घरात राहतात. अर्जदाराला पोहायला तिनेच शिकवले.

४. दुसऱ्या दिवशी बादली बोटभर उतरली होती आणि तलाव चांगला चार बोटे. अर्जदार सगळ्यांदेखत तोंडघशी पडली. विज्ञान खोटे बोलत नाही, असे वर्गात आयुष्यभर सांगितलेले असल्यामुळे अर्जदाराने मग माणसांवर संशय घेतला. पहिल्या अर्जात अभियंत्यांनी पट्टी सरकवल्याचा आरोप केला. दुसऱ्यात त्यांनी बादलीत चोरून पाणी ओतल्याचा. तिसऱ्यात, मोजमाप करताना ते गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले व पँटमधून पाणी बाहेर घेऊन गेले, असे म्हटले होते. एका पँटमध्ये किती पाणी मावते याचे गणितही जोडले होते. हे तिन्ही अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले गेले. पंपताई समोर बसून भाजी निवडत होती आणि मधूनमधून म्हणत होती, “जरा आणखी कडक लिही.”

५. नोटीस लागल्यावर अर्जदार आपली पोहण्याची टोपी आणण्यासाठी पंपघरात गेली. (किल्ली घरी खिळ्याला असते. ती न विचारता घेतली, याबद्दल दिलगीर आहे.) पंपघरामागे, जेथे तलाव रिकामा करण्याचा पाइप गटारात उतरतो, तेथे एवढ्या रणरणत्या उन्हात गवत हिरवेगार होते. पाइपातून पाण्याची धार लागली होती. आत येऊन पाहिले तर रिकामा करण्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडा होता आणि त्याला ताजे ग्रीस लावलेले होते. हा व्हॉल्व्ह गंजून बसला आहे आणि कोणाच्या बापाला हलायचा नाही, असे पंपताई दरवर्षी सांगत असे. तो अर्जदाराच्या एका हाताने बंद झाला. त्यानंतर अर्जदाराने एकटीने बादली ठेवून परीक्षा पुन्हा केली. बादलीही बोटभर उतरली आणि तलावही बोटभरच. तलाव ठणठणीत आहे.

६. याबाबत अर्जदाराने बहिणीस जाब विचारला. तिने कांगावा केला नाही. तिचे उत्तर तिच्याच शब्दांत देणे भाग आहे : “कुणाला सांगू नकोस म्हणालीस, नाही सांगितलं. पोहायला जाऊ नकोस म्हटलं, ऐकलं नाहीस. मग माझ्या हातात उरलं काय? तो व्हॉल्व्हच ना!”

७. काय सांगायचे नव्हते, तेही लिहिते. या वर्षात पाण्यात असताना दोनदा अर्जदाराची शुद्ध हरपली. दोन्ही वेळा पंपताईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेऊन तिला बाहेर काढले. दुसऱ्या वेळी अर्जदार बराच वेळ श्वास घेत नव्हती, असे आता कळते. बहीण साठीला टेकली आहे आणि तिचे खांदे दुखतात. अशा सभासदाचा पास रद्द करण्याचा आपला नियम आहे, म्हणून अर्जदाराने तिच्याकडून गप्प राहण्याचा शब्द घेतला होता.

८. तिने तो शब्द मोडून सरळ आपल्याकडे तक्रार केली असती, तर अर्जदार चिडली असती, काही दिवस अबोला धरला असता आणि मग पुन्हा बोलली असती. त्याऐवजी तिने अर्जदाराला भर गर्दीत तिच्याच परीक्षेत नापास केले. बादली सरळ धरून, घरी रोज चहाचा कप हातात देऊन केसाने गळा कापला. हे फार लागले आहे, महोदय. अशा तक्रारीसाठी कोणत्या खिडकीवर जावे हे ठाऊक नसल्यामुळे ती येथेच नोंदवीत आहे.

९. सबब विनंती की, तलाव बुजवण्याचा निर्णय रद्द करून तो सर्व सभासदांसाठी खुला करावा. कनिष्ठ अभियंत्यांची पँट निर्दोष असल्याची नोंद घ्यावी आणि अर्जदाराची क्षमायाचना त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. अर्जदाराचा पास रद्द करावा. त्याचे कारण अर्जदाराने आपणहून लिहून दिले आहे, कोणीही चहाडी केलेली नाही, हेही नमूद व्हावे.

१०. पाणी वाया घालवल्याबद्दल पंपचालक बाईंना नोकरीवरून काढता येते, याची अर्जदारास कल्पना आहे. अर्जदाराला त्यांना अद्याप माफ करता आलेले नाही. कार्यालयाने तरी करावे.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, महिलांची सकाळची तुकडी
दिनांक : १७ मे

सोबत :
१) दुसऱ्या परीक्षेतील दोन्ही खुणांचे छायाचित्र
२) सभासद पास, मूळ प्रत