कोरडी किल्ली

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकाच). तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या खोलीतली ओल आणि सूनबाईंचा सूर, दोन्ही जरा कमी झाले असतील अशी आशा. इकडे माझं सगळं ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला हे लिहायचंच असतं असं आपल्याला शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, म्हणून लिहून टाकलं. आता खरं लिहायला मी मोकळी.

परवा तुझा फोन मी उचलला नाही म्हणून रागावली असशील. तो वाजत होता, मला ऐकूही येत होता, पण तो तांदळाच्या डब्यात तळाशी होता. कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढेस्तोवर तू ठेवून दिलास, आणि त्यानंतर तो काही वाजला नाही. म्हणून हे पत्र. (फोन तांदळात होता कारण ओला झाला होता. ओला का झाला तेही सांगते, जरा दम धर.)

ह्यांची ती मासे धरायला न्यायची पिवळी कयाक तुला आठवत असेल, एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, तू जिला ‘दुधी भोपळा’ म्हणायचीस. तळ्याकाठच्या शेडमध्ये ती नुसती पडून होती, म्हणून मी विकायला काढली. एक गृहस्थ बघायला आले आणि म्हणाले, तरंगते का? तरंगते हे दाखवायला मी आत बसले. गृहस्थ ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून गेले ते गेलेच, आणि मी अजून बसलेलीच आहे. आता अधूनमधून सकाळी जाते, गळ टाकते आणि बसते. घरात एकटं बसलं की शेजारी कीव करतात, पाण्यावर एकटं बसलं की त्याला छंद म्हणतात.

मासे लागतात, त्याची तक्रार नाही. पंचाईत आहे ती किल्लीची. आमचं दार मागे ओढलं की आपोआप बंद होतं, तेव्हा किल्ली सोबत नेणं आलं. (किल्ली ओली झाली तरी दार उघडतं हे मला कळतं. पण बुडाली तर उघडत नाही.) दुकानात पाणी न शिरणाऱ्या पिशव्या मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून वाटलं, एवढ्यात दुसरी होडी येईल. मग मी फ्रीजमधली मटार ठेवायची चेनवाली पिशवी घेतली आणि त्यात किल्ली, चष्मा आणि फोन घातला. पिशवीला भोक होतं, हे मला तळ्याच्या मध्यावर कळलं. फोन दुरुस्त करणारा पोरगेला माणूस फोन उलटा धरून पाणी गाळत म्हणाला, “काकू, यात मासा निघाला तर मजुरी घेणार नाही.” मजुरी घेतली त्याने, आणि वर तांदळाचा सल्ला दिला.

दुसऱ्या खेपेला सिस्टरांची आठवण झाली. त्या रुमाल हरवू नये म्हणून फ्रॉकला पिनने लावायला लावायच्या ना, तशी मी किल्ली ब्लाउजला आतून पिनने लावली. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला ती टोचायची. वर दारात आल्यावर ती काढायची म्हणजे काय प्रसंग, तूच बघ. समोर दातांचे डॉक्टर राहतात, आणि त्यांना जिन्यातच थांबून विचारपूस करायची फार हौस.

तिसऱ्यांदा कॉफीची रिकामी प्लॅस्टिकची बरणी घेतली. ही युक्ती फक्कड होती. मोठा मासा लागला, होडी कलंडता कलंडता राहिली आणि बरणी पाण्यात पडून ऐटीत तरंगत निघाली. मी मासा सोडून तिच्यामागे लागले. काठावरचा रखवालदार ओरडून विचारत होता, बाई, बरणी गळाला लागते का? पण मिळाली, आणि किल्ली आत ठणठणीत कोरडी. फक्त घरी आल्यावर झाकण उघडेना. ओला पदर लावून पाहिला, उंबऱ्यावर आपटून पाहिली. किल्ली आत दिसते आहे, दार समोर आहे, आणि मी पायरीवर बसले आहे. शेवटी डॉक्टर आले, रुमाल धरून झाकण फिरवत म्हणाले, “एवढं काय ठेवलंत आत?” मी म्हटलं, “घर.” ते हसले. मीही हसले, जरा उशिरा.

त्या दुपारी मी ह्यांची गळांची पेटी उपसली. एवढी वर्षं मासे धरले, किल्ली कशात ठेवत होते ते तरी कळेल म्हणून. पेटीत काहीच नव्हतं. मग आठवलं, हे किल्ली नेतच नसत. हात माशांनी बरबटलेले, म्हणून कोपराने बेल दाबायचे, आणि मी आतून पुटपुटत यायची की जरा दम म्हणून नाही ह्या माणसाला.

असो. तुझ्याकडे भावोजींच्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या अजून असतील. तू काही टाकत नाहीस. त्या तरंगतात, पाणी आत घेत नाहीत आणि झाकण अंगठ्याने टचकन उघडतं. दोन पाठव, एवढंच मागणं. सर्वांना यथायोग्य.

तुझी,
धाकटी

ता. क. डब्या पोस्टाने नको, चेपतात. कोणीतरी हातात धरून आणायला हव्यात.

ता. क. मागे तू विचारलंस, येऊ का राहायला, तेव्हा मी म्हटलं, मला एकटीची सवय झाली आहे. ते खरं आहे. तीच तर कटकट आहे. मागची खोली कोरडी आहे, ऊनही येतं.

ता. क. सोबत ह्यांची किल्ली पाठवते आहे. खुंटीवर लटकून राहिली, एकदाही वापरलेली नाही. वसतिगृहात आपल्या दोघींच्या कपाटाची किल्ली तुझ्याच गळ्यात असायची, तशी ही घाल. मी तळ्यावर असले तर कामाला येईल. पण मी घरात असले तर उघडू नकोस. बेल वाजव, मी येते.