दोर कोण धरणार?

रविवार, संध्याकाळ. हेंद्रेपाडा.

झाडांच्या कामाचं सर्टिफिकेट टिकवायचं तर अधूनमधून वर्ग करावाच लागतो. आजचा उल्हासनगरच्या बागेत होता. झाडावर अडकलेल्या माणसाला खाली कसं उतरवायचं, ते. सर म्हणाले, "जोड्या करा." सगळ्यांच्या झाल्या, मी एकटा उरलो. इतकी वर्षं खालून माझा दोर बायकोनेच धरला. नंदा गेल्यापासून मी चढलोच नव्हतो, हे तिथे कुणाला सांगणार?

उशिरा आलेले एक अनोळखी सिंधी गृहस्थ पुढे आले. "रस्सी मैं पकड़ता हूँ, भाऊ. तुम्ही चढा."

चढलो. वर फांदीपाशी दोर अडला आणि सवयीने ओरडलो, "नंदा, ढील दे गं!"

खाली सगळ्यांनी वर पाहिलं. मग दोर हळूच सैल झाला.

उतरल्यावर त्या गृहस्थांनी नुसता चहा पाजला.