कागद खोलीबाहेर गेले तो दिवस

बिश्केक,
१८ नोव्हेंबर

तालाय बैके यांस,

तुम्हाला मोठा भाऊ मानून बैके म्हणणाऱ्या बेगिमायचा सलाम. काराकोलला तुम्ही फोन दुरुस्तीचं दुकान टाकलंत असं कळलं. तळ्याकाठी थंडी लवकर येते, छाती सांभाळा. इथे सगळं पूर्वीसारखंच आहे. दुपारची वीज जाते, संस्थेच्या प्रमुख म्हणून गुल्बारा एजे आम्हा सगळ्यांवर ओरडतात आणि मग खऱ्या एजेसारख्या, थोरल्या बहिणीसारख्या, स्वतःच चहा करून आणतात. माझी आई तुमची आठवण काढते. तुम्हाला चांगली नोकरी मिळाली म्हणून तुम्ही संस्था सोडलीत असं तिला वाटतं. मीच तसं सांगितलंय.

कपाटातला तुमचा सर्व्हर आता नाही. उन्हाळ्यात काढला. सगळे कागद बाहेरच्या ऑनलाइन सेवेतूनच पीडीएफमध्ये बदलून येतात. काम पटकन होतं. हे वाचून तुम्हाला राग येईल.

ती बैठक आठवते? शिशाच्या कारखान्याविरुद्ध आपली संस्था लढत होती त्या खटल्यासाठी तिथल्या कामगारांच्या जबान्या कोर्टाला हव्या तशा पीडीएफमध्ये करायच्या होत्या. ऑनलाइन सेवेच्या बाजूनं बोलणारी मीच होते. तक्ता करून आणला होता, आपलं यंत्र किती मिनिटं घेतं आणि बाहेरचं किती. तुम्ही तो नीट वाचलात आणि म्हणालात, "पोरी, तक्ता छान आहे. पण यात एक रकाना राहिला. कागद कुणाच्या हातात राहतो, तो."

सगळे हसले. मीही हसले, पण मला लागलं होतं.

शेवटी गुल्बारा एजेंनी मधला मार्ग काढला. साधे अर्ज बाहेर पाठवायचे, ज्यांची नावं गुप्त ठेवायची त्यांच्या जबान्या फक्त आपल्या सर्व्हरवर. त्या नऊ होत्या. त्यातली एक तुमच्या थोरल्या बहिणीची. साइकाल एजे कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. कामगारांच्या रक्तातल्या शिशाचे खरे आकडे त्यांनीच दिले होते, तेही तुमच्या शब्दावर.

नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मार्चमध्ये मॅनेजरनं त्यांची जबानी दवाखान्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. नोकरी गेली, कारखान्याचं घर गेलं. नऊपैकी पाच जणांनी साक्ष मागे घेतली. चौकशीत गुल्बारा एजे म्हणाल्या, "सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं असणार. किल्ली तालायकडे होती." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच संध्याकाळी तुम्ही राजीनामा दिलात.

बैके, सर्व्हरमध्ये कुणीही शिरलं नव्हतं.

कागद दाखल करायच्या दिवशी दुपारी वीज गेली आणि आल्यावर तुमचं यंत्र चालूच होईना. तुम्ही दंतवैद्याकडे होता. फोन करायला हवा होता, नाही केला. पाच वाजता कोर्टाची खिडकी बंद होणार होती, आणि खरं सांगायचं तर, माझाच तक्ता बरोबर होता हेही मला दाखवायचं होतं. सगळ्या फाइली मी एकगठ्ठा ऑनलाइन सेवेवर चढवल्या. त्या नऊसुद्धा. काम अकरा मिनिटांत झालं. तयार फाइलींची लिंक कुणालाही उघडता येईल अशीच राहिली होती, आणि तीच मी मेलनं वकिलाच्या कचेरीत पाठवली. तिथून ती कुणाकुणाकडे गेली, देव जाणे. मार्चमध्ये बातमी आली तेव्हा मी आधी खातं उघडलं, फाइली पुसल्या, आणि मगच रडायला बसले.

हे मी आत्ता का लिहितेय, तर गेल्या गुरुवारी साइकाल एजे ऑफिसात आल्या होत्या. रशियाला चालल्या आहेत, कुणा म्हातारीची देखभाल करायला. आपल्या हातची मूळ जबानी परत हवी होती त्यांना. मी ती काढून दिली. पिशवीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "तालायला सांगू नकोस मी आले होते म्हणून. सख्ख्या भावानं निष्काळजीपणा करावा? आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशीच्या जेवणालाही मी त्याच्याशी बोलले नाही."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं.

त्या ओरडल्या नाहीत. बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ महिने? आठ महिने तू याच खुर्चीत बसून होतीस?"

"हो."

"त्याला लिही. फोन नको, फोनवर तू रडशील आणि तोच तुला समजावत बसेल. लिही."

गुल्बारा एजेंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता ते उकरून कुणाचं भलं होणार? संस्था बुडेल." मी तरीही लेखी दिलं. एक प्रत कोर्टात, नऊ प्रती नऊ साक्षीदारांना, एक या पाकिटात. माझं नाव आणि सही आहे. तुम्हाला हवं तिथे दाखवा. माझी नोकरी काल सुटली. चार साक्षीदार अजून ठाम आहेत, पण वकील म्हणतो, चौघांच्याच साक्षीवर खटला टिकणं कठीण.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, मी ओळखते तुम्हाला.

साइकाल एजे सोमवारी गेल्या. एखाद्या दिवशी अनोळखी रशियन नंबर दिसला तर उचला. त्या स्वतःहून काही बोलणार नाहीत. तुम्हीच बोला.

धाकटी बहीण म्हणवून घ्यायची आता हिंमत नाही, म्हणून नुसतीच,

बेगिमाय