घटाखालचे दोन पासपोर्ट

गुरु. ११ सप्टें.

हाना मॅडमचा ओठ फाटलेला. खालचा, डाव्या अंगाला. मी तोंड उघडायच्या आधीच तिने बोटानं दार दाखवलं. दार लागलं म्हणे. मला शिकवते! सहा वर्षं मी आईला दारच सांगत होते. कधी दार, कधी मोरीचा दगड, कधी बसचा दांडा. मग एक दिवस ह्यांच्या मनगटावर लाटणं हाणलं, पंधरा दिवस ह्यांना बसचं स्टेअरिंग धरता आलं नाही. तेव्हापासून आमच्या घरचं दार मला कधी लागलं नाही.

मॅ.ला हे सांगणार कसं? तिच्या देशाचं नावसुद्धा मला नीट लिहिता येत नाही. कणीक अशी तिंबली की परात ओट्यावरून खाली आली.

शनि. १३ सप्टें.

आज साहेब घरी, मॅडमचा नवरा. टोमॅटोच्या साराला मीठ जास्त झालं. वाटी भिंतीवर, सार पार छतापर्यंत. मीठ मी घातलेलं, मार तिला. वेणी धरून आत नेलं. मिया, तिची आठ वर्षांची पोर, ओट्याखालच्या कपाटात सिलिंडरशेजारी जाऊन बसली आणि आतून दार ओढून घेतलं. रडली नाही, काही नाही. सवयीचं असल्यासारखं.

दहा मिनिटांनी सा. बाहेर. भांग पाडलेला. मला हात जोडून "सॉरी, सुनीता". गणपतीत हाच माणूस फेटा बांधून आरतीला टाळ्या वाजवत होता, सोसायटीतल्या बायका म्हणत होत्या, फॉरेनर असून किती साधा. मेला साधा.

भिंत पुसताना त्याच्या डोक्यात कुकर घालावा वाटलं. पण ह्यांची बस त्याच्याच कंपनीला लागलेली, चाकणला शिफ्टची माणसं नेते-आणते. मला हे कामही त्या ओळखीनंच मिळालं. म्हणून कुकर गॅसवरच राहिला.

बुध. १७ सप्टें.

मॅ.नं मोबाईल पुढे धरला. ती तिच्या भाषेत बोलते, मोबाईल हिंदीत बोलतो. तीन वेळा ऐकलं तेव्हा कळलं. तिला मियाला घेऊन माहेरी जायचंय, कायमचं. पासपोर्ट सा.च्या कपाटात कुलपात. तो आंघोळीला गेला की किल्ली मिळते. पण काढून घरात ठेवायची सोय नाही, दर दोन दिवसांनी गाद्यासुद्धा उलट्या करतो. तारीख १ ऑक्टो. का, तर त्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत मशिनींची पूजा, नारळ सा.च्या हातनं फोडायचा, सकाळभर अडकलेला. हे तिला कामगारांच्या बायकांकडून नाही, त्याच्याच तोंडून कळलं. फोटो दाखवत होता, मागच्या वर्षीचे.

तोपर्यंत पासपोर्ट तू ठेव, म्हणाली. म्हणजे मोबाईल म्हणाला.

मी हो म्हटलं. ह्यांना सांगितलं नाही.

सोम. २२ सप्टें. घटस्थापना.

पासपोर्ट घरी आणले. कव्हरं तिनं परत कपाटात ठेवली, आत मियाच्या दोन छोट्या वह्या घालून.

गेटवर बाहेर पडताना कामवाल्यांच्या पिशव्या तपासतात. आत जाताना कुणी विचारत नाही, बाहेर जाताना आम्ही सगळ्या चोर. बायकांच्या पिशव्या कमळ बघते. गावातलीच आहे, सोसायटी उभी आहे तिथं त्यांचा कांदा असायचा, आता तिथंच निळा शर्ट घालून उभी असते. मी डब्यात दोन भाकऱ्यांच्या मधे ठेवले होते. तिनं झाकण काढलं. वरची भाकरी उचलली. बघितलं. मेले मी, म्हटलं. तिनं भाकरी होती तशी ठेवली.

"भाकरी लई जाड थापतीस गं," म्हणाली, आणि पुढचीला बोलावलं.

तिला काय माहीत आहे, किती माहीत आहे, विचारलं नाही. मॅ.च्या नवव्या मजल्याचा आवाज खाली येत असेल.

घरी ठेवायचे कुठं? कपाट ह्यांचं, डबे पोरीचे, गादी रोज झटकतात. मग सुचलं. घटाला नऊ दिवस कुणी हात लावत नाही. हेही नाहीत. पाटावर पासपोर्ट, वर पत्रावळ, माती, धान्य, मधे घट. प्लॅस्टिकची पिशवी देवीखाली नको वाटली, म्हणून लाल खणात गुंडाळले. देवीला म्हटलं, बाई, तूच राखण कर.

गुरु. २५ सप्टें.

सा.नं कपाट उघडलं. कव्हरं हातात घेतली. मी बेसिनशी. माझ्या हातून बशी फुटली. तो कव्हरं ठेवून बाहेर आला, मला काहीच बोलला नाही. मॅ.ला बोलावलं आणि फुटलेल्या काचा तिला हातानं उचलायला लावल्या. ती वाकली तेव्हा पाठीत बूट घातला. बशी माझी. माझी होती बशी.

लाज वाटते लिहायला, पण तेवढ्यात माझ्या मनात आलं, बरं झालं, कव्हरं उघडली नाहीत.

रवि. २८ सप्टें.

सुट्टी. घट यंदा असा उगवलाय, वीतभर पिवळाधम्मक. शेजारणी बघायला आल्या. हे म्हणाले, "या वर्षी हात सोडून पाणी घालतेस." घालते. सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या. म्हटलं, चांगलं उगवलं तर त्या दोघींचं चांगलं होईल.

इतकी कशी मी मूर्ख!

(वरची ओळ आज, बुधवारी घातली.)

बुध. १ ऑक्टो. दुपारी ४. डाव्या हातानं लिहितेय.

पहाटे आंघोळ करून देवीची माफी मागितली आणि घट एक दिवस आधीच उचलला. पत्रावळीच्या खालून मुळ्या बाहेर आलेल्या. खणात शिरलेल्या. खण चिखल. पासपोर्ट ओले, फुगलेले, खणाचा लाल रंग पानात उतरलेला. फोटोचं पान प्लॅस्टिकचं, ते धड. पण इथल्या व्हिसाच्या पानावर शिक्का पसरून निळं डबकं, मियाच्या तर एका पानाला गव्हाची मुळी चिकटलेली. ओढली तर कागद आला.

मी कपाळ बडवलं. खरंच बडवलं, आवाज झाला असणार. हे उठून आले. पासपोर्ट बघितले, सगळं समजलं. म्हणाले, आत्ताच्या आत्ता साहेबाला नेऊन देतो, नोकरी जाईल, जेलात जाशील. हिसकायला लागले. मी सोडेना. बारा वर्षांनी हात उचलला त्यांनी. तो पडायच्या आधी मी चावले, दंडाला, रक्त आलं. बायको असून कुत्रीसारखी चावते म्हणाले. म्हटलं, हो, चावते. त्या बाईला दात नाहीत, मला आहेत.

ते खाली बसले. मग इस्त्री लावली. एकेक पान रुमालाखाली धरून वाळवलं, हळू, जसं पोरीच्या शाळेच्या युनिफॉर्मची घडी बसवतात. दंडातून रक्त येत होतं ते दुसऱ्या हातानं पुसत होते. साडेपाचला म्हणाले, चल, बस काढायची आहे.

आठला सा. गेला, फेटा बांधून. मी पासपोर्ट मॅ.च्या हातात दिले. तिनं पानं उलटली, तिचा चेहरा पांढरा पडला. मी हात जोडले, घट कसा सांगणार? पाणी, पाणी, एवढंच म्हणत राहिले. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, हिंदीत, मोबाईल नाही, तिनं स्वतः: "चलेगा."

कसं चालेल? मुंबईच्या विमानतळावर बसलेला माणूस ते पान बघणारच.

दोघी निघाल्या, सोबत एकच सॅक. मियाच्या कानामागे मी घटाचे दोन अंकुर खोचले, दसऱ्याला खोचतात तसे. फोन मॅ.नं बंद केला, कारण तो सा.ला ती कुठं आहे ते सांगतो. आणि ती गेटबाहेर पडली की सा.च्या मोबाईलवर वाजतं, गेटवर नोंद करतात म्हणून. आज वाजलं नाही. कमळ नोंद करायला विसरली.

मलाही निघून जा म्हणत होती, मी घरातच थांबले. मी पण गेले असते तर सा.ला लगेच कळलं असतं. दहाला सा.चा माझ्या मोबाईलवर फोन. म्हटलं, मॅडम नहा रही है. अकराला परत. सो रही है. पावणेबाराला उचललाच नाही.

साडेबाराला दार उघडलं. डोक्यावर फेटा, कपाळाला कुंकू. खोल्या बघितल्या. कपाट उघडलं, वह्या बघितल्या. मग माझ्याकडे आला. विचारलं कुठं आहे. मी म्हटलं माहीत नाही. केसांना धरून ओट्यावर तोंड आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. दात हलला. उजव्या हाताची बोटं ट्रॉलीत घालून ट्रॉली बंद केली. मी ओरडले, आपल्या आवाजाची आपल्यालाच भीती वाटावी असं. तिसऱ्यांदा मान धरली तेव्हा डावा हात कुकरवर पडला. आत वरण होतं, गरम.

तेरा सप्टेंबरपासून मनात होतं ते झालं. फेटा होता म्हणून वाचला. तो डोकं धरून खाली बसला, मी निघाले ती थेट घरी.

मला वाईट वाटत नाहीये. वाटायला पाहिजे का?

गुरु. २ ऑक्टो. दसरा.

पोलीस काल संध्याकाळी घरी. त्याच्या डोक्याला टाके. त्याची तक्रार, कामवालीनं पासपोर्ट चोरले, पकडल्यावर हल्ला केला. बायको मुलगी कुठं, तर मैत्रिणीकडं! माझी बोटं, तोंड त्यांनी बघितलं, लिहून घेतलं की नाही ठाऊक नाही. शनिवारी अकराला चौकीत यायचं.

ह्यांच्या बसला सोमवारपासून येऊ नका सांगितलं. हे घरात बसून आहेत. भांडले नाहीत. सोन्याची पानं द्यायला कुणी आलं नाही, बातमी आमच्या सगळ्या काळेवाडीत झाली असणार. मॅ.ला मेसेज केला, "पोहोचली?" एकच टिक. सकाळी एक, दुपारी एक.

पासपोर्ट चोरीला गेलेत असं त्यानं लिहून दिलंय. ते विमानतळावर कळवतात का? ह्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. डाग पडलेलं पान आणि वर चोरीची तक्रार. तो माणूस काय म्हणेल?

शुक्र. ३ ऑक्टो.

कमळचा फोन. तिला कामावरून काढलं. म्हटलं, माझ्यामुळं. म्हणाली, "न्हाई गं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं व्हतं, ती पोर गाडीत बसताना हसत व्हती. ऱ्हाऊ दे." एवढंच.

हे म्हणतात चौकीत सांग, मला काही माहीत नाही, मी फक्त स्वयंपाक करते. मी म्हटलं, सगळं सांगणार. ओठापासून. दार नव्हतं म्हणून सांगणार. ते म्हणाले, मग आपलं पण निघेल, बारा वर्षांपूर्वीचं. म्हटलं, निघू दे. दंडावरची पट्टी मीच बदलली, एका हातानं, धड बांधता आली नाही.

घट अजून तसाच कोपऱ्यात, विसर्जन केलं नाही. आधीच उचलला त्याचं काय करतात ते विचारायला सासूबाई राहिल्या नाहीत.

दुपारी तीन. मोबाईल बघितला. दोन टिक.

म्हणजे फोन चालू झालाय. कुठं चालू झालाय? तिच्या आईच्या घरी, का विमानतळाच्या त्या खोलीत जिथं अडवलेल्यांना बसवतात, का नवव्या मजल्यावर? टिक निळ्या होत नाहीत.

मी परत लिहिलं, "पोहोचली?" दोन टिक. हे शेजारी येऊन बसलेत, तेही बघतायत.